हितसंबंध

कार्यालयाच्या शिपायाला, पुंजारामला, जिन्याखाली उभं केलं होतं ते एका म्हाताऱ्या नव्या सभासदाला हाताला धरून वर आणण्यासाठी. कालिंदीनं त्याला बजावलंही होतं, "काकांचा हात सोडायचा नाही. जिना उभा आहे. मधल्या वळणावर थांबायचं, त्यांना जरा दम खाऊ द्यायचा, मग पुढं."

आता जिना चढून जे वर आलं, त्यात दम लागला होता तो पुंजारामलाच. त्याचा हात धरून, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत एक उंच, रापलेला माणूस आला. वय असेल पस्तिशीच्या पुढं, चाळिशीच्या अलीकडं. केसांवर पैठण रोडची धूळ, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर एक अवघडलेलं हसू.

कालिंदी त्याच्या मागं बघत राहिली. मागून कुणीच आलं नाही.

"काका गाडीतच आहेत का?" तिनं विचारलं.

"नाय. वर आलेत."

"कुठं?"

"हे काय…" त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मीच काकासाहेब. चितेगावचा."

हातातला पुष्पगुच्छ कालिंदीच्या हातातच राहिला. दाराजवळ मऊ गादीची खुर्ची मांडून ठेवलेली होती. खुर्चीशेजारी स्टुलावर बिनसाखरेचा चहा झाकून ठेवला होता. बाथरूम कुठल्या बाजूला आहे हे सुद्धा तिनं एका मोठ्या बाणानं दाखवून ठेवलं होतं.

"पण… फोनवर तुमचा आवाज…"

"दिवसभर मशिनीजवळ वरडून बसला व्हता. अन् नाव आजोबांनी ठेवलेलं. बारशालाच काका झालो बघा मी. आमच्याकडं लई जणांची असतात अशी नावं."

"मग मला सांगायचं ना! मी तुम्हाला गुडघ्यांना तेल लावा म्हणाले…"

"लावलं की. कोमट करून." तो गंभीरपणे म्हणाला. "तुम्ही इतक्या मायेनं बोलत व्हत्या, मधी कसं तोडावं? माझ्या गुडघ्याची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. अन् साखर आहे का विचारलं, तवा मी हाय म्हणलो, घरात पोतंभर हाय. मला वाटलं, सभासदांना वाटायची असंल."

कालिंदीला हसू फुटलं. आवरावं म्हणून तिनं पुष्पगुच्छ तोंडासमोर धरला, तर निशिगंधाच्या दांड्या थरथरायला लागल्या. हसायचीही सवय सुटते माणसाची, आणि सुटली आहे हे हसू आल्यावरच कळतं. तिला ते त्या जिन्याच्या तोंडाशी कळलं, आणि हसता हसता जरा वाईटही वाटलं.

काकासाहेब म्हणाला — त्याला असं एकेरी लिहायला हात जड होतो, पण माणूस तरुण होता, त्याला नाइलाज आहे — तर काकासाहेब म्हणाला, "आता मांडलीच हाय तर बसतो खुर्चीत." आणि तो बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता त्यानं सगळा प्यायला.

मराठवाडा संचालक संघ ही कंपन्यांच्या संचालकांची संस्था. कंपनी चालवणाऱ्या माणसांनी महिन्यातून एकदा एकत्र यावं, नियम-कायदे समजून घ्यावेत, एकमेकांच्या चुकांवरून शहाणं व्हावं, असा तिचा मोठा उदात्त हेतू. प्रत्यक्षात मंडळी यायची उशिरा, बोलायची फोनवर आणि थांबायची जेवणापुरती. जालना रोडला लागून एका इमारतीत पहिल्या मजल्यावर संघाचं कार्यालय होतं, आणि त्या कार्यालयाची सचिव म्हणजे कालिंदी. वक्ते शोधणं, सभासदांना आठवण करणं, पुन्हा आठवण करणं, हार, शाल, आभारप्रदर्शन. मोठी माणसं कार्यक्रम संपल्यावर पुष्पगुच्छ टेबलावरच विसरून जायची, आणि दुसऱ्या दिवशी ते सुकलेले बघत तिला पुढच्या महिन्याचा हिशोब जुळवायचा असायचा.

ती दमली होती. आजारी नव्हती, दुःखीही म्हणता येणार नाही, नुसती दमली होती. लग्न करून ती पुण्याला गेली होती आणि काही वर्षांनी एक बॅग घेऊन परत आली होती. तिथं कुणी तिला मारलं नाही, छळलं नाही. त्या घरात ती कुणाला दिसतच नसे, इतकंच. बोलता बोलता माणसं तिच्या अंगावरून पलीकडं बघायची. परत आल्यावर समर्थनगरातल्या घरात आई भानुमतीबाई आणि ती, दोघीच. हे कार्यालय तिचं होतं. इथं निदान एखादी खुर्ची चुकीच्या जागी मांडली तर लोक तिच्या नावानं हाक मारायचे.

त्यात पाण्याचा दिवस. या शहरात माणसं एक वेळ वार विसरतील, नळाला पाणी कधी येणार ते विसरणार नाहीत. त्या दिवशी पहाटे उठायचं, टाकी भरायची, पिंप भरायचं, बादल्या, पातेली, शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवायचा आणि मग तसंच आंघोळ करून कार्यालय गाठायचं.

काकासाहेबाचा फोन यायचा तो असाच एखाद्या दुपारी.

"मॅडम, एक शंका व्हती. स्वतंत्र संचालक म्हंजी नेमका कशापासनं स्वतंत्र?"

"कंपनीपासून. मालकाच्या नात्यातला नसलेला, त्याच्याशी व्यवहार नसलेला."

"मग आमच्याकडं अवघडंय. एक संचालक मी अन् दुसरी मपली माय."

चितेगावला त्याचा ठिबक सिंचनाच्या नळ्यांचा कारखाना होता. त्याची आई सरूबाई कागदोपत्री खरंच संचालक होती.

"त्या येतात सभेला?" कालिंदीनं विचारलं.

"सभा तिच्याच चुलीपुढं भरती. विषय तीच ठरवती. दर सभेला एकच विषय, पोराचं लग्न. अन् दर सभेला तहकूब."

"तहकूब का बरं?"

"गणपूर्ती व्हत नाय ना, मॅडम. दुसरा पक्ष हजर पाह्यजे."

कालिंदीनं फोन जरा लांब धरला. पुंजाराम समोर पाकिटांना गोंद लावत होता आणि फारच मन लावून लावत होता.

"आणखी काही शंका?" ती शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली.

"एक हाय… तुमच्याकडं पाणी आलं का आज?"

आता हा काय प्रेमात विचारायचा प्रश्न झाला? पण इथं झाला. हळूहळू तो रोजचाच झाला. पाणी आलं का, दाब होता का, टाकी पुरती भरली का. न आल्याचं सांगितलं की तो पलीकडून असा सुस्कारा सोडायचा, की कालिंदीला वाटायचं, चला, आपल्या रिकाम्या टाकीचं दुःख करणारं जगात आणखी कुणीतरी आहे.

"या सभासदांना तुझ्या पाण्याची फार काळजी," एकदा भानुमतीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "कुठले म्हणालीस?"

"चितेगावचे."

"नाव?"

"काकासाहेब."

"अगं बाई. वयस्कर आहेत होय. मग ठीक आहे."

कालिंदीनं आईचा गैरसमज दूर केला नाही. का केला नाही, हे तिनं स्वतःला विचारलंही नाही. विचारायला सुद्धा अंगात त्राण लागतं.

मार्चमध्ये संघानं नव्या संचालकांसाठी शिबिर ठेवलं. वक्ते मुंबईहून यायचे होते, त्यांचं विमानच उडालं नाही. सभासदांनी सह्या केल्या, सामोसे खाल्ले, प्रमाणपत्र घरी पाठवा म्हणाले आणि एकेक करून गेले. दुपारी कार्यालयात रांगेनं मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या उरल्या, आणि पहिल्या रांगेत वही उघडून बसलेला काकासाहेब.

"शिबिर रद्द झालं," कालिंदी म्हणाली. "तुम्ही गेलात तरी चालेल."

"तुम्हीच सांगा की. तुम्हाला तर सगळं पाठ हाय."

"एकट्यासाठी?"

"एकट्यालाच तर गरज हाय."

ती बोलायला लागली. संचालकानं काय करावं, काय करू नये, सही करण्याआधी काय वाचावं. बाहेर एकाएकी अंधारून आलं, अवकाळीची टपोरी सर सुटली, शेजारच्या पत्र्यावर गारा तडतडल्या आणि वीज गेली. उघड्या खिडकीतून ओल्या धुळीचा थंड वास आत आला. कालिंदी बोलता बोलता खुर्चीवर टेकली. पाण्याचा दिवस होता, ती पहाटेपासून उभी होती. पाच मिनिटं वीज यायची वाट बघू म्हणून तिनं डोळे मिटले…

जाग आली तेव्हा वीज आली होती. पंखा फिरत होता. तिच्या डोक्यावरचा दिवा तेवढा बंद होता, तोंडावर उजेड येऊ नये म्हणून खिडकीचा पडदा ओढलेला होता. काकासाहेब तिच्या टेबलाशी बसून हलक्या आवाजात फोनवर बोलत होता, "मॅडम सभेत हायेत. व्हय. नाय, मधी उठवता… मधी बोलवता येणार नाय."

कालिंदी ताडकन उठली. "अहो देवा! मी झोपले? किती वेळ?"

"लई नाय."

"उठवायचं ना मला! काय म्हणतील लोक… सभेत आहे म्हणून खोटं कशाला सांगितलंत?"

"खोटं कसं? सभाच व्हती. मी हजर, तुम्ही हजर." त्यानं रिसीव्हर नीट जागेवर ठेवला. "तुम्ही झोपेत बी एकदा 'खुर्च्या' म्हणलात. तवा पुंजारामनी अन् मी खुर्च्या उचलून ठेवल्या."

तिनं बघितलं. सगळ्या खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या. इतक्या वर्षांत कार्यक्रम संपल्यावर कुणी खुर्ची उचलली नव्हती. तिला एकदम रडू यायला लागलं, आणि ते दिसू नये म्हणून ती पाठमोरी होऊन फायली शोधायला लागली. कुठली फाइल, ते तिलाच ठाऊक नव्हतं.

"येतो मी," मागून तो म्हणाला. जरा थांबला. "दमलेल्या माणसाला झोप लागली तर ओशाळायचं कामून? आपल्या माणसात बसल्यावरच लागती झोप."

तो जिना उतरायला लागला, तेव्हा तिला टेबलावर त्याच्या गाडीची किल्ली दिसली. ती धावत जिन्याशी आली. हाक मारायला तोंड उघडलं आणि तिथंच अडकली. 'काका' म्हणणं शक्यच नव्हतं. 'काकासाहेब' म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं धोतर नेसलेले कुणी आजोबा उभे राहायचे. 'साहेब' म्हणावं तर ती काय त्याच्या कारखान्यात कामाला होती? तो तर चालला खाली. आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"अहो!"

उभ्या जिन्यात तो शब्द चांगला घुमला. नवऱ्याला मारतात तश्शी ती हाक. आत कप विसळणाऱ्या पुंजारामनं नळ बंद केला. कालिंदीचे कान तापले.

जिन्याच्या वळणावर काकासाहेब वळला. वर बघितलं. आणि एखादा संसारी माणूस दुसऱ्या खोलीतून ओ देतो, तितक्या सहज तो म्हणाला, "आलो."

"किल्ली…" ती पुटपुटली. "किल्ली राहिली तुमची."

"व्हय." किल्ली घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि दोघांपैकी कुणालाच किल्ली लगेच सोडवेना. "अजून काही राहिलंय का?"

"नाही."

"बघा. नायतर परत तसंच बोलवा."

ती रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो शब्द पुन्हा ऐकत राहिली. प्रेम म्हणतात ते हेच, हे तिला कळलं. कळल्यावर उडी मारावी, गाणं म्हणावं असं काही झालं नाही. फार दिवस वागवलेलं ओझं कुणीतरी एका बाजूनं उचलून धरावं, तसं झालं.

संघाचे अध्यक्ष वैजनाथराव. त्यांची मोठी फाउंड्री होती आणि अध्यक्षपदही त्यांच्याकडं वर्षानुवर्षं होतं, कारण दुसरं कुणी घेत नव्हतं. पैठण रोडचा एक तरी माणूस कार्यकारी समितीत हवा म्हणून त्यांनीच काकासाहेबाला समितीत घेतलं. आणि त्यानंतर एके दिवशी त्यांनी कालिंदीला आत बोलावलं.

"आपण पुण्याच्या मोठ्या संस्थेत विलीन व्हावं असं चाललंय," ते चष्मा पुसत म्हणाले. "इथं माणसं येत नाहीत, मीही थकलो. कार्यालय बंद होईल. सचिवाचं इथलं पद राहणार नाही, पण तुम्हाला ते पुण्यात घ्यायला तयार आहेत. तुमचं भलंच होईल त्यात. पुणं आहे ते."

"हो सर," कालिंदी म्हणाली.

पुणं. ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. त्या रस्त्यांवर, त्या माणसांत, पुन्हा कुणाला न दिसता वावरायचं. आणि नाही म्हटलं तर घरी बसायचं. तिला ना तिकडं जायचं होतं, ना हे टेबल सोडायचं होतं. पण समितीच्या बैठकीची सूचना तिलाच टाइप करायची होती, आणि तिनं ती केली. पहिला विषय मागचं इतिवृत्त. दुसरा विषय वार्षिक कार्यक्रम. तिसरा विषय विलीनीकरण, कार्यालय आणि सचिवपद.

संध्याकाळी फोन आला. आज त्यानं पाण्याचं विचारलं नाही.

"सूचना वाचली."

"हं."

"तुमचं काय म्हणणं हाय?"

"सचिवाला म्हणणं नसतं. समिती ठरवेल."

पलीकडं मशीनचा आवाज येत होता.

"बैठकीला येणार ना?" शेवटी तिनं विचारलं. एवढंच तिला विचारता येत होतं.

"येतो की."

समितीत सरळ दोन तट पडले होते. निम्मे म्हणत पुण्याला जाऊ, निम्मे म्हणत आपलं आपल्याकडं राहू द्या. काकासाहेबाचा हात ज्या बाजूला वर जाईल ती बाजू जिंकणार, हे पुंजारामलाही कळत होतं. "ताई, आपला गडी हाय आत. कायकू फिकर?" तो म्हणाला. कालिंदीनं त्याला दटावलं, पण त्या बैठकीच्या दिवशी तिनं बऱ्याच दिवसांनी हिरवी साडी नेसली.

बैठक दुपारची होती. एसी बंद पडलेला, पंख्याखाली कागद फडफडत होते, सभासद रुमालानं मानेचा घाम टिपत होते. टेबलाच्या टोकाला कालिंदी इतिवृत्त लिहायला बसली. काकासाहेब समोर. त्यानं एकदाही तिच्याकडं बघितलं नाही.

वैजनाथरावांनी नेहमीचं वाक्य नेहमीसारखंच घाईनं म्हटलं, "आजच्या विषयांत कुणाचा हितसंबंध असल्यास जाहीर करावा."

हा संघाचा नियमच होता. समोरच्या विषयात ज्याचं स्वतःचं काही गुंतलेलं असेल, त्यानं ते आधी सांगायचं आणि त्या विषयावर निर्णय होईपर्यंत खोलीबाहेर जायचं. मत द्यायचं नाही. दर बैठकीला हे वाक्य म्हटलं जायचं आणि दर बैठकीला कुणाचाच कशात हितसंबंध नसायचा. कालिंदीनं सवयीनं 'कोणाचाही नाही' असं लिहूनही टाकलं होतं.

"माझा हाय," काकासाहेब म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या. तो उभा राहिला होता.

"कुठल्या विषयात?" वैजनाथरावांनी चष्म्यावरून बघितलं.

"तिसऱ्या."

"तिसऱ्या? ही जागा तुमची आहे का?"

"नाय."

"पुण्याच्या संस्थेत तुमचं काही?"

"नाय."

"मग राहिलं काय, सचिवपद…" वैजनाथराव थांबले. "आमच्या कालिंदीबाई तुमच्या नात्यात आहेत का?"

"अजून नाय," काकासाहेब म्हणाला.

कुणीतरी घसा खाकरला. कालिंदी मान खाली घालून वहीकडं बघत होती आणि वहीवरची अक्षरं तिला एकही दिसत नव्हती.

"बाईंना हे ठाऊक आहे का?" एकानं हळूच विचारलं.

"आत्ता ऐकलं त्यांनी." त्यानं समोरचे कागद गोळा केले. "त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. कार्यालयासाठी नाय, मपल्यासाठी. म्हणून मला ह्यात मत देता यायचं नाय. विषय येईल तवा जातो म्हणलो असतो, पण आत्ताच जातो. इथं बसवणार नाय मला."

खुर्ची मागं सरकली. दार उघडलं, लागलं. आणि आता आपल्या बाजूचा हात कमी झाला, मतं समसमान पडली की अध्यक्षांचं जादा मत पुण्याकडं जाणार, ठराव होणार, हे कालिंदीच्या ध्यानात आलं. एक हात वर करायचा होता या माणसानं. नुसता एक हात! तिला सणकून राग आला. आणि त्या रागाच्या तळाशी काहीतरी फार गोड, भरून आलेलं होतं. सगळ्या खोलीदेखत कुणी तिच्याकडं बोट दाखवून म्हणालं होतं, हिचं काय होतं याच्याशी माझा संबंध आहे.

"बरं," वैजनाथराव म्हणाले. "पुढं जाऊ. कालिंदीबाई, घेतलंत का लिहून?"

कालिंदीनं पेनचं टोपण लावलं.

"सर, माझाही हितसंबंध आहे."

"अहो, तुमच्याच पदाचा विषय, तो तर असणारच. त्याला काय—"

"पदाबद्दल नाही म्हणत मी," ती म्हणाली आणि उठली.

"मग इतिवृत्त कोण लिहिणार?"

तिनं वही अलगद त्यांच्यापुढं सरकवली.

बाहेर काकासाहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होता. ती दिसताच गडबडून उभा राहिला. "तुम्ही का आल्या?"

"नियम आहे." ती त्याच्यासमोर उभी राहिली, आणि मग राग आला तसा बाहेर पडला. "काय केलंत तुम्ही हे? थांबला असतात, हात वर केला असतात, सगळं वाचलं असतं! तुमच्या भरवशावर होते मी. काही न बोलता तुमच्या भरवशावर होते."

"ठाऊक हाय."

"ठाऊक होतं तर?"

"हात वर केला असता…" तो शब्द जुळवत बोलत होता. "अन् मग उद्या तुम्हाला विचारलं असतं. तुम्हाला काय वाटलं असतं? ह्या माणसानं आपली नोकरी वाचवली, आता नाय कसं म्हणावं? तुम्ही व्हय म्हणला असता, तरी मला जलमभर कळलं नसतं, मनापासनं म्हणलात का उपकारापोटी. मला ते नको व्हतं. तुम्हाला नाय म्हणायची मोकळीक पाह्यजे."

बंद दाराआडून आवाज येत होते. तिची नोकरी तिथं आत ठरत होती, आणि ती इथं या माणसाच्या शर्टाच्या बाहीवरचा नळ्यांचा काळा डाग बघत होती. इतक्या वर्षांत तिला कुणी नाही म्हणायची मोकळीक दिली नव्हती. सगळ्यांनी तिचं भलंच केलं होतं.

ती पायरीवर बसली. हिरवी साडी धुळीत टेकली तर टेकू दे. तोही बसला, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"पुण्याला जायचं तर जा," तो म्हणाला. "रविवारच्या एसटीनं येत जाईन मी. गाडी हाय, पण एसटीत जरा विचार करता येतो."

"मी पुण्याला जाणार नाही."

"मग?"

"आणि तुमच्या चुलीपुढंही लगेच येऊन बसणार नाही. दुसरं काम शोधेन. आईला सांगावं लागेल, ती तुम्हाला म्हातारा समजते." ती डोळे चोळत होती. "ते सगळं उद्या. आज मला झोप हवी आहे. फार दमलेय हो मी."

"झोपा. फोन मी उचलतो."

तिनं मधली जागा तेवढी कमी केली. खांद्याला खांदा लागला. खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते, रसवंतीच्या चाकाच्या घुंगरांचा आवाज येत होता.

दार उघडलं. पुंजाराम आला, त्यांना बघून परत आत जायला लागला, मग तोंड पाडून तिथूनच म्हणाला, "ताई… झालं बघा. हापिस गेलं पुण्याला."

कालिंदीनं मान हलवली. रडू येईल म्हणून ती वाट बघत राहिली. ते आलं नाही. तिच्या हातावर नुसता त्याचा हात आला, आणि तिनं तो राहू दिला.

मग स्वतः वैजनाथराव बाहेर आले. चष्मा कपाळावर, हातात इतिवृत्ताची वही. म्हातारा एकदम थकलेला दिसत होता.

"मला वाईट वाटतंय, बाई," ते म्हणाले. "पण ठराव झाला. आता हे इतिवृत्त मला पुरं करायचंय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय. हितसंबंध जाहीर झाला तर त्याचं स्वरूप लिहावं लागतं. आर्थिक म्हणावं तर नाही. कौटुंबिक, तर हे म्हणतात अजून नाही. दोन माणसं बैठकीतून उठून गेली, काहीतरी कारण लिहायला हवं ना मला?"

काकासाहेबानं कालिंदीकडं बघितलं. उत्तर त्याचं नव्हतं, त्यानं त्याचं देऊन टाकलं होतं.

"परस्पर लिहा, सर," कालिंदी म्हणाली.

वैजनाथरावांचं पेन थांबलं. "परस्पर म्हणजे? एकमेकांचा, की आम्हा कुणाला न विचारता जमवलेला?"

"दोन्ही."

वैजनाथरावांनी वहीत तो शब्द लिहिला, खाली एक रेघ मारली आणि वही बगलेत घेऊन ते हसत आत गेले. आतून कपांचा आवाज आला, कुणीतरी सरबत मागत होतं, आणि कालिंदी पायरीवरच काकासाहेबाच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपी गेली.